व्हिडिओ बघताना सगळं कळतं, लिहायला बसलं की काहीच सुचत नाही

या वेळी टपाल आणि मेल उघडले तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली, कोडिंग शिकायला घेतलंय पण सराव कसा करायचा तेच कळत नाही. कॉलेजमधली मुलं आहेत, नोकरीवाले आहेत, एक बचत गटवाल्या ताईपण आहेत. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि सहा पत्रं घेतली. कोड इथे मराठी अक्षरात सांगतेय, तुम्ही टाइप करताना अर्थात इंग्रजीतच करायचं.

प्रश्न : ताई, मी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बार्शीला. तीन महिने यूट्यूबवर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची सिरीज बघतोय, जवळजवळ संपली. बघताना सगळं कळतं, लूप कळतं, फंक्शन कळतं. पण परवा म्हटलं स्वतः काहीतरी लिहू, तर एडिटर उघडून अर्धा तास नुसता बसून राहिलो. मित्र म्हणतो तुझ्यात लॉजिकच नाही. सोडून देऊ का?

सोडायचं अजिबात नाही. आणि मित्राला सांग, लॉजिक काही कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. तुझं झालंय एवढंच की तीन महिने तू नुसतं बघितलंयस, लिहिलं काहीच नाहीस. व्हिडिओतला माणूस टाइप करतो तेव्हा पुढची ओळ कोणती लिहायची हे त्याचं आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त मान डोलावतो, आणि प्रोग्रामिंगमधलं अवघड काम नेमकं तेच आहे, पुढची ओळ ठरवणं.

माझंच सांगते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री मी जर्नलमधले सगळे प्रोग्राम पाठ केले होते, सेमिकोलनसकट. चिठ्ठीत बबल सॉर्ट आलं, म्हणजे आकडे लहानाकडून मोठ्याकडे लावायचा प्रोग्राम, दहा मिनिटांत उतरवलं, आउटपुट बरोबर. एक्स्टर्नल सर म्हणाले छान, आता हेच मोठ्याकडून लहानाकडे लाव. अख्ख्या प्रोग्राममध्ये मोठं-लहान तपासणारं एक चिन्ह फिरवायचं होतं फक्त, ते मला सापडलं नाही. फार वाईट वाटलं होतं. घरी येऊन वहीत ५, २, ९, १ असे चार आकडे लिहिले आणि तोच प्रोग्राम पेन्सिलने चालवला, कोण कोणाशी जागा बदलतंय ते दर वेळी लिहीत, तर पहिल्या फेरीनंतर २, ५, १, ९ झालं, ९ सरकून टोकाला गेला, आणि ते चिन्ह तिथे काय करतंय ते तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. याला ड्राय रन म्हणतात, कॉलेजात शिकवतात पण कोणी करत नाही. तू कर.

आता आज काय करायचं ते सांगते. २९ चा पाढा छापणारा प्रोग्राम लिही. आधी वहीत मराठीत लिही, एकापासून दहापर्यंत जायचं, दर वेळी २९ ने गुणायचं, उत्तर दाखवायचं. मग ते टाइप कर. आणि रन दाबायच्या आधी स्क्रीनवर काय काय येणार ते वहीत लिहून ठेव, पहिली ओळ कोणती, शेवटची कोणती. माझी खात्री आहे की तू रेंजमध्ये, म्हणजे कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगतो तिथे, १ आणि १० लिहिशील आणि पाढा २६१ वर थांबेल, २९० येणारच नाही. लगेच गूगल करू नकोस, दोन मिनिटं बघत बस. पायथनची रेंज शेवटचा आकडा धरत नाही, १० पर्यंत म्हणजे १० च्या आधीपर्यंत. हे व्हिडिओत तू नक्की ऐकलं असशील, पण वहीत २९० लिहिलेलं आणि स्क्रीनवर नाही असं एकदा झालं की ते कायमचं लक्षात राहतं.

मग त्याच प्रोग्रामशी खेळ. पाढा उलटा छाप, कुठल्या आकड्याचा हवा ते विचारून घे, दिडकी छाप, एक कोलन मुद्दाम काढ आणि काय एरर येते ती वाच. दुसऱ्या दिवशी फाइल न उघडता तोच प्रोग्राम पहिल्यापासून लिही, कालचं बघायचं नाही. रोज अर्धा तास दे, रविवारी एकदम सहा तास नको, कारण मधल्या सहा दिवसांत हात विसरतो आणि रविवारचे पहिले दोन तास आठवण्यातच जातात.

प्रश्न : नमस्कार. मी ४३ वर्षांची आहे, इस्लामपूरजवळ राहते, आमच्या महिला बचत गटाचा हिशोब माझ्याकडे असतो. मुलाच्या लॅपटॉपवर पायथन शिकायला घेतलंय. दोन सभासदांची रक्कम घेऊन बेरीज करायचा प्रोग्राम केला, २०० आणि ३०० टाकले तर उत्तर २००३०० आलं! आणि एरर सगळ्या इंग्रजीत येतात, बघूनच घाबरायला होतं. या वयात जमेल का?

ताई, तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला, कारण शिकणाऱ्या बहुतेकांकडे नसतं ते तुमच्याकडे आहे, खरं काम. सरावाला काय घेऊ हा प्रश्नच तुम्हाला पडायला नको, गटाचं रजिस्टर समोर आहे.

आधी २००३०० चं बघू. कीबोर्डवरून इनपुटने जे येतं ते पायथनच्या लेखी आकडा नसतो, अक्षरं असतात. तुम्ही २०० लिहिलंत ते त्याला दोन, शून्य, शून्य अशी तीन अक्षरं वाटली, आणि दोन शब्दांची बेरीज म्हणजे ते एकाला एक चिकटवणं. त्याला सांगावं लागतं की हा आकडा समज, म्हणजे इनपुटला बाहेरून इंट लावायचं, की उत्तर ५०० येईल. तुमचं गणित चुकलं नव्हतं, पायथनचंही नाही, दोघांनी एकाच गोष्टीला वेगळं समजलं होतं. पहिल्या दोन महिन्यांतल्या बऱ्याचशा चुका अशाच असतात.

इंग्रजी एररचं म्हणाल तर ती वाचायची एक पद्धत आहे, खालून वर. सगळ्यात खालच्या ओळीत काय बिघडलं ते असतं आणि त्याच्या जरा वर कुठल्या ओळीत बिघडलं तो नंबर. सुरुवातीला फिरून फिरून पाच-सहाच एरर भेटतात. नेम एरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं. टाइप एरर म्हणजे आकडा आणि अक्षरं यांची सरमिसळ केलीत. व्हॅल्यू एरर म्हणजे आकडा मागितला आणि तुम्ही रिकामंच एंटर दाबलंत किंवा 'दोनशे' असं लिहिलंत. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीची जागा कमी-जास्त झाली. एक छोटी वही करा, एरर आली की तिचं नाव, ती का आली आणि काय केल्यावर गेली हे तीनच शब्दांत का होईना पण मराठीत लिहा. महिन्याभरात ती वही बघायची गरज कमी झालेली दिसेल.

आणि एक मजेची गोष्ट. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या डब्याला, मराठी नाव देता येतं, चक्क 'बचत' आणि 'व्याज' अशी देवनागरीत. इंटला मराठी आकडेपण कळतात, २०० मराठीत टाइप केलंत तरी तो दोनशेच धरतो. नोकरीच्या ठिकाणी असं कोणी लिहीत नाही, पण शिकताना स्वतःच्या भाषेत नावं असली की डोक्यावरचा एक भार उतरतो, मला तरी त्यात काही चूक वाटत नाही.

पैशांचा हिशोब आहे म्हणून एक सावधगिरी. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर आतून दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे पाव, अर्धा, पाऊण त्याला बिनचूक येतात, आपल्या पावकी-निमकीत तो कधी चुकणार नाही, पण दहावा भाग त्याला नेमका मांडता येत नाही, आपल्याला एक भागिले तीन दशांशात संपवता येत नाही तसंच. म्हणून रक्कम पैशात ठेवा, पूर्ण आकड्यात, आणि दाखवताना शेवटी १०० ने भागा. ५००० रुपये कर्जावर दरमहा २ टक्के म्हणजे १०० रुपये, हे आधी तोंडी काढून ठेवा आणि मग प्रोग्राम तेच सांगतो का बघा. पहिले काही महिने रजिस्टर आणि प्रोग्राम दोन्ही चालू ठेवा, ताळा जुळला तरच विश्वास ठेवायचा. वयाचं उत्तर वेगळं देत नाही, तुम्ही प्रोग्राम लिहून वर चूकही पकडलीत!

प्रश्न : ताई, मी डिप्लोमाला आहे. सी भाषेत फॅक्टोरिअलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्राम लिहिलाय, ७ पर्यंत उत्तर बरोबर येतं पण ८ टाकलं की उणे २५२१६ येतं. लॅबमध्ये निळ्या स्क्रीनचं टर्बो सी आहे. मैत्रिणीने घरच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम केला तर १२ पर्यंत बरोबर येतो. माझा कोड चुकलाय का?

कोड बरोबर आहे, भांडं लहान आहे. टर्बो सी मध्ये पूर्णांक ठेवायचं भांडं म्हणजे इंट, तो १६ बिटचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. सातचं फॅक्टोरिअल ५०४०, मावलं. आठचं ४०३२०, नाही मावलं, मग आकडा वरच्या टोकावरून घसरून खालच्या टोकाला निघतो. ४०३२० मधून ६५५३६ वजा कर, तुझंच उणे २५२१६ येईल. हातानेच करून बघ.

मैत्रिणीच्या कंपायलरमध्ये, म्हणजे तिच्याकडे सी चा कोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, इंट ३२ बिटचा आहे म्हणून १२ पर्यंत चाललं. तिला म्हणावं १३ टाक, १९३२०५३५०४ येईल, आणि ते उत्तर उणे नाही म्हणून खरं वाटेल, पण खरं आहे ६२२७०२०८००. माझ्या मते हे तुझ्या चुकीपेक्षा घातक, कारण तुझं उत्तर बघून कोणालाही शंका येईल, तिचं कोणी तपासणारच नाही. तू चुकीच्या उत्तरापाशी थांबून विचारलंस हे फार चांगलं केलंस. आता लाँग इंट वापर आणि तो कुठे फुटतो ते स्वतः शोधून काढ.

प्रश्न : लॅपटॉप नाही, अकोल्याजवळच्या गावात राहतो, फोनच आहे. फोनवर सराव होईल का?

सुरुवात नक्की होईल. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ नावाचं ॲप आहे, एकदा उतरवलं की नेट नसतानाही पायथन चालतं. फक्त फोनचा कीबोर्ड दोन त्रास देतो. ओळीच्या सुरुवातीचं अक्षर तो आपोआप कॅपिटल करतो, मग प्रिंटचा पी मोठा होतो आणि पायथन म्हणतो असं नाव मला माहीत नाही. आणि व्हॉट्सॲपवरून किंवा नोट्समधून कोड चिकटवलास तर अवतरण चिन्हं कधीकधी वळलेली येतात, आपल्याला तशीच दिसतात पण पायथनला ती चालत नाहीत, ती पुसून सरळवाली टाइप करायची. ऑटो कॅपिटल बंद कर आणि कोड शक्यतो हातानेच टाइप कर. जमलं तर ओटीजी केबलने साधा यूएसबी कीबोर्ड फोनला जोड, खूप फरक पडतो. वीस-तीस ओळींचे प्रोग्राम फोनवर मजेत होतात, आणि सहा महिने तेवढेच पुरतात.

प्रश्न : मी ठाण्यात अकाउंट्समध्ये नोकरी करतो, वय २९. एक्सेलची कामं ऑटोमेट करायला पायथन शिकतोय. पण एआयला सांगितलं की तो दहा सेकंदात सगळा कोड देतो. मग पाढे आणि बेरजा लिहीत बसण्यात वेळ का घालवू?

ऑफिसचं काम उद्या द्यायचं असेल तर घ्या मदत, त्यात काही वावगं नाही. पण तो कोड चुकला तर कोणाला कळणार? तुम्ही अकाउंट्सचे आहात म्हणून विचारते, ज्युनिअरने बनवलेली ताळेबंदाची शीट तुम्ही न तपासता पुढे पाठवाल का? नाही ना, आणि तपासता कशी येते, तर स्वतः कधीतरी हाताने एंट्र्या मारल्या होत्या म्हणून. कोडचंही तसंच आहे, शंभर ओळींत एका ठिकाणी शेवटची रो सुटलीय हे ज्याने रेंजची चूक स्वतः केलीय त्यालाच दिसतं.

सरावाच्या वेळी मात्र मी कडक राहायला सांगेन. अर्धा तास एआय बंद, वही आणि एडिटर फक्त. अडलात तर अर्ध्या तासानंतर विचारा, पण कोड मागू नका, असं लिहा की मला उत्तर देऊ नकोस, माझी चूक कुठल्या ओळीच्या आसपास आहे एवढं सांग. आणि कधी पूर्ण कोड घेतलाच तर प्रत्येक ओळीपुढे ती काय करते ते स्वतःच्या शब्दांत लिहा, जिथे लिहिता येत नाही ती ओळ तुम्हाला कळलेली नाही. मग ती विंडो बंद करून तोच प्रोग्राम न बघता लिहायचा. याला वेळ लागतो, लागू दे.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहते, अकरावी सायन्स. गणिताच्या सरांनी कापरेकर स्थिरांक सांगितला म्हणून मी पायथनमध्ये त्याचा प्रोग्राम केला. ३५२४ टाकलं की छान ६१७४ येतं. भावाने २१११ टाकलं तर प्रोग्राम थांबतच नाही, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागला. काय चुकलं? आणि अजून असं काय काय करता येईल?

अगं किती सुंदर विषय निवडलास! द. रा. कापरेकर तुझ्या घराच्या इतक्या जवळ, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, १९३० पासून १९६२ पर्यंत. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची ही गंमत शोधली, आणि १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगभर नाव झालं. त्यांनी हे सगळं कागदावर केलं होतं, म्हणून आपणही कागदावरूनच जाऊ.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात, चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करायची, जे येईल त्याचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत पोचतं.

आता तुझं २१११. प्रोग्राम थांबत नसेल तर कंट्रोल सी दाबून थांबवायचा, काही बिघडत नाही. मग लूपच्या आत एक प्रिंट टाक, दर फेरीला संख्या काय आहे ती दाखवणारी. तुला दिसेल ९९९ आणि मग शून्य, शून्य, शून्य. आता हातानेच कर, २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. कागदावर कापरेकरांची पद्धत म्हणते ही ०९९९ आहे, चार अंकी, तिचं ९९९० वजा ०९९९. पण तुझ्या प्रोग्रामने पुढचं शून्य टाकून दिलं, त्याच्याकडे तीनच नऊ राहिले, ९९९ वजा ९९९, शून्य, आणि लूप तर ६१७४ ची वाट बघतंय. संख्येचं अक्षरांत रूपांतर करताना झेडफिल लाव आणि आत ४ दे, पुढे शून्यं भरून चार अंक पुरे होतील. मग २१११ चा प्रवास ९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ असा येईल.

तीन अंकी वजाबाकी फक्त ९९९ च येऊ शकते, म्हणजे तुझा प्रोग्राम बहुतेक संख्यांना बरोबर चालत होता आणि भावाने नेमकी अडचणीची दिली. त्याला तुझा टेस्टर करून टाक, खरंच. कोणी ११११ टाकलं तर काय होईल तेही आधी वहीत लिही आणि मग चालवून बघ. ते जमलं की १००० पासून ९९९९ पर्यंत सगळ्या संख्या लूपने चालव, सारख्या अंकांच्या नऊ सोडून, आणि सातपेक्षा जास्त पायऱ्या कोणाला लागतात का ते शोध.

अजून हवंय म्हणतेस तर कापरेकरांकडेच भरपूर आहे. ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, बेरीज पुन्हा ४५, अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. तुकडे कुठे पाडायचे हे प्रोग्रामला कसं सांगशील, त्यात तुझा एक रविवार मस्त जाईल.

पण त्याआधी हर्षद संख्या कर, हेही नाव त्यांनीच दिलेलं. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते ती हर्षद, जशी १८, एक अधिक आठ नऊ, आणि नवाने अठरा भागले जातात. १ ते १०० मध्ये अशा किती आहेत ते प्रोग्रामने मोज. उत्तर ३३ यायला हवं. ३२ आलं तर रेंजचं शेवटचं टोक बघ, १०० स्वतः हर्षद आहे आणि ती बाहेर राहिली असेल. आणि झिरो डिव्हिजन एरर, म्हणजे शून्याने भागायला गेल्याची एरर, आली तर सुरुवात ० पासून झालीय.